अनुभव धागा: घरातला जुगार. आकडा, पत्ते, रमी, आणि त्यातून बाहेर पडणं

गिरणगावकरीण

परवा सोसायटीच्या हळदीकुंकवाला हाउजी ठेवला होता. नंबर ओरडायचं काम माझ्याकडे दिलं आणि माझं तोंडच उघडेना. घसा बसलाय सांगून माईक शेजारणीकडे दिला. रात्रभर बाबा आठवत राहिले.

बाबा लालबागला गिरणीत, साच्यावर (मागावर). सकाळी पाळीला निघताना माझ्यासमोर उकिडवे बसायचे. "बाय, एक आकडा सांग. पटकन. विचार नको करू." मी तेव्हा बालवाडीतली. मी सांगितलेला आकडा रात्री ओपनला, म्हणजे मटक्याच्या पहिल्या आकड्याला, आला की दुसऱ्या दिवशी कागदात बांधलेली जिलबी. नाही आला तर रागवायचे नाहीत, फक्त दिवसभर माझ्याकडे बघायचे नाहीत. मला वाटायचं, माझंच चुकलं.

पगाराच्या दिवशी आई गिरणीच्या गेटवर उभी, कडेवर धाकटा. आमच्या चाळीतल्या अजून दोघी-तिघी तिथेच असायच्या, पण कोणी कोणाशी बोलायचं नाही. 82 चा संप झाला, पगार बंद झाला, आकडा नाही बंद झाला. पैसे कुठून यायचे ते पुढे कळलं. आईची पितळेची भांडी एकेक करून गेली होती.

ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी लिहा. जो खेळत होता त्यानेही लिहा. उपदेश नको, घरात नेमकं काय केलंत ते सांगा.

अबोली

वाचलं गं. आमच्याकडे पत्ते, पण दिवाळीपुरते. कुकर लावलाय, नंतर येते.

टवाळ_कार्टं

हाउजीचे नंबर ओरडणाऱ्या काकू आमच्या सोसायटीत 88 ला 'दोन जाड्या बायका' ओरडतात ते ऐकून अर्ध्या बायका रुसतात. सुटलात तुम्ही.
(जिलबीचं वाचून मात्र पोटात कालवलं.)

निवृत्त_गुरुजी

तरुण मंडळींसाठी थोडं. आकडा आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारावर चालायचा. तिथले उघडताना-बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला यायचे, त्यावर पैज. 1961 मध्ये ते भाव येणं थांबलं. मग 62 ला कल्याणजी भगत आणि 64 ला रतन खत्री यांनी आपापला मटका काढला. भाव गेले, चिठ्ठ्या-पत्ते आले. ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला. आमच्या वाडीत त्या वेळी एकही दिवा मालवलेला नसायचा.

गणित सरळ आहे. आकडे दहा, लागला तर रुपयाला नऊ. जोड्या (ओपन-क्लोजचे दोन आकडे मिळून) शंभर, लागली तर नव्वद. म्हणजे रोज खेळणाऱ्याच्या प्रत्येक रुपयातले सरासरी दहा पैसे मटकेवाल्याचे. हे मी आमच्या हवालदाराच्या मुलाला फळ्यावर करून दाखवलं होतं. त्याने विचारलं, "सर, मग उद्या कुठला आकडा लावू?"

टवाळ_कार्टं

गुरुजी 😂😂 पण खरंय. गणित आलं म्हणून कोणी थांबलंय?

रात्रपाळी

मी खेळणाऱ्यांपैकी. फोनवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या.

मला चाळ, वाडी, अड्डा काही लागलं नाही. हिंजवडीत नोकरी, ऑनलाइन रमी. बायको झोपली की बाथरूममध्ये फोन घेऊन. नळ थोडा सोडून ठेवायचा म्हणजे आवाज येत नाही. हरण्याचं सगळे विचारतात, पण मला जिंकण्याने जास्त मारलं. एकदा बऱ्यापैकी रक्कम जिंकलो, काढायला टाकली. बँकेत यायला वेळ लागायचा, तोवर ते विड्रॉल रद्द करायचं बटण तिथेच असायचं. पहाटेपर्यंत ती रक्कम मी परत खेळून संपवली. पैसे खात्यात आलेच नाहीत, म्हणून माझ्या डोक्यात ते कधी गेलेही नाहीत.

ऑक्टोबर 2023 पासून भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागला. म्हणजे बसतानाच मागे. तरी बसायचो. पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, मग त्या झटपट कर्जाच्या अ‍ॅप. घरासाठी कर्जाला अर्ज केला तेव्हा बँकेतल्या बाईंनी बायकोसमोर सिबिल, म्हणजे माझ्या सगळ्या कर्जांचा रिपोर्ट, उघडलं. बायको काही बोलली नाही. बाहेर येऊन रिक्षा केली आणि एकटीच गेली.

आता विचारलंय म्हणून, घरात काय केलं: पगार तिच्या खात्यात. माझ्या फोनवर यूपीआय नाही. खिशात रोजचे मोजके पैसे, संध्याकाळी पावत्या डब्यात टाकायच्या. कार्डं बंद. कर्जांची यादी फ्रिजच्या आत, दारावर चिकटवलेली (बाहेर नाही, कामवाल्या मावशी वाचतील म्हणून). गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमसच्या (जुगार सोडू बघणाऱ्यांचा गट) मीटिंगला जातो. पहिल्यांदा लाज वाटली, कारण तिथे एक गृहस्थ आमच्याच ऑफिसचे निघाले. आता दोघं एकाच गाडीने जातो.

चहाबिस्किट

यूपीआय नाही तर भाजी कशी घेता? आमच्या भाजीवाल्याकडे सुट्टे नसतात म्हणून तो कोथिंबीर गळ्यात मारतो.

रात्रपाळी

तेच. घरी कोथिंबीर उदंड झालीय. वड्या येता-जाता.

हिशेबवही

रात्रपाळी, तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. फ्रिजच्या आत यादी ही आयडिया मी उचलतेय.

खानदेशी_वांगं

भावाचं लिहिते. गावाबाहेर क्लब होता, नावाला रमी, आत तीन पत्ती. आई दर वेळी फेडायची. आधी पाटल्या, मग पोत, मग मामाकडून उसने. फेडलं की महिना-दोन महिने तो देवासारखा. आईला वाटायचं सुधारला. तो सुधारलेला नसायचा, त्याची उधारीची पत नव्याने तयार झालेली असायची. हे मला समुपदेशक बाईंनी सांगितलं तेव्हा आईला राग आला. "माझ्या लेकाला मी वाऱ्यावर सोडू?"

शेवटी आईनेच थांबवलं, कारण विकायला उरलं नव्हतं. मग मात्र सावकाराची माणसं दारात. ओट्यावर बसून राहायची, शिव्या नाहीत, दमदाटी नाही, नुसती बसायची. वहिनी पाणी द्यायची त्यांना. म्हणून जे म्हणतात 'फेडू नका', त्यांना मी विचारते, ओट्यावर बसलेल्या माणसांचं काय करायचं?

हिशेबवही

वांगं, ओट्यावरच्या माणसांचं उत्तर आहे. बिनपरवान्याची सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, 2014 चा कायदा आहे. तालुक्याला सहाय्यक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. तिथे लेखी तक्रार करायची. जमीन-घर लिहून घेतलं असेल तर तेही सोडवता येतं. आम्ही तक्रार दिली होती. लगेच काही होत नाही, पण तक्रार गेली म्हटल्यावर ओटा रिकामा झाला.

आणि 'फेडू नका'चा अर्थ बुडवा असा नाही. ज्याने केलं त्याने हप्त्याहप्त्याने फेडायचं, आपण हिशेब धरायचा. माझ्या नवऱ्याने रविवारी गॅरेजमध्ये काम करून फेडलं. मी भरून टाकू शकले असते, माझी नोकरी होती. नाही भरलं. सासूबाई वर्षभर बोलत नव्हत्या माझ्याशी.

खानदेशी_वांगं

तुमची नोकरी होती ताई. माझ्या वहिनीला रोजंदारी.

हिशेबवही

हो. ते आहेच. चुकलं माझं बोलणं.

कोथरूडचा_गाडीवान

शेअर बाजाराचं चालेल का या धाग्यात? ऑप्शन करायचो. दर आठवड्याच्या एक्स्पायरीला (सौद्याची मुदत संपते त्या दिवशी) हात थरथरायचे.

निवृत्त_गुरुजी

बाजार म्हणजे जुगार नव्हे. अभ्यास करून गुंतवणूक करणाऱ्यांना कृपया या पंगतीत बसवू नये.

कोथरूडचा_गाडीवान

गुंतवणुकीचं कोण बोलतंय गुरुजी. सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत एफअँडओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या किरकोळ लोकांतले 93 टक्के तोट्यात. मी त्या 93 त. घरी सांगायचो 'ट्रेडिंग करतो', आणि सासरे कौतुकाने पाहुण्यांना सांगायचे. पत्ते खेळलो असतो तर कोणीतरी कान धरला असता. शब्द सभ्य होता म्हणून चार वर्षं निभावलं.

टवाळ_कार्टं

आता कोणीतरी धर्मराज काढणार. मी वाट बघतोय.

चहाबिस्किट

धर्मराज!! घ्या. झालं समाधान?

संत्राबर्फी

आमची गोष्ट वेगळी आहे, म्हणून लिहायचं की नाही कळेना. बाबा मुख्याध्यापक, नागपूर. आयुष्यात पत्त्यांना हात नाही. पार्किन्सन्स झाला, गोळ्या सुरू झाल्या, हात बरा चालायला लागला आणि काही महिन्यांनी लॉटरीची तिकिटं सापडायला लागली. आधी पाकिटात, मग उशीच्या अभ्र्यात, मग देव्हाऱ्याखालच्या खणात गठ्ठा. पेन्शन संपायची. आई म्हणायची म्हातारपणी बुद्धी फिरली. भाऊ त्यांना टाकून बोलला.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आपणहून विचारलं, "खर्च, खरेदी, जुगार, खाणं, यातलं काही एकदम वाढलंय का?" आम्ही गप्प. बाबा खाली बघत होते. त्या गोळ्यांच्या एका गटाने काही रुग्णांत असं होतं म्हणे, मेंदूतल्या डोपामिनशी संबंध आहे. डॉक्टरांनी गोळी हळूहळू कमी करून बदलली आणि तिकिटं थांबली. हात थोडा जास्त थरथरतो आता. बाबा म्हणाले, "हा थरथराट चालेल."

भाऊ अजून माफी मागू शकलेला नाही, दर रविवारी येऊन त्यांची दाढी करून देतो.

अबोली

बाप रे. गोळीचं नाव सांगाल का? माझ्या मावससासऱ्यांना पार्किन्सन्स आहे.

संत्राबर्फी

प्रामिपेक्सोल होती. रोपिनिरोल पण त्याच गटातली. पण हात जोडून सांगते, मनाने बंद करू नका, एकदम बंद केली तर भलतंच होतं. न्यूरोलॉजिस्टला विचारा. आणि सगळ्यांना होत नाही.

तेरेखोल

आम्ही बांद्याचे. पणजी तासा-दीड तासावर. मांडवी नदीतल्या बोटींवरच्या कॅसिनोत गोवेकरांना 2020 पासून खेळायला बंदी, पण आमचं आधारकार्ड महाराष्ट्राचं! पलीकडचे माझे मित्र किनाऱ्यावर उभे, मी होडीत. एंट्रीतच जेवण, दारू, खेळायचे थोडे चिप्स. पहिल्यांदा वाटलं, वसूल.

काजूचे पैसे आले की शनिवारी पणजी. आवस म्हणायची, "होडयेत बसान लोक मासे हाडतत, तू पैसे टाकून येतंस." भांडली नाही कधी. काजूचा व्यवहार मात्र तिने मामाच्या हातात दिला आणि मला सांगितलं मजुरी घे, बागेत काम कर. स्वतःच्या बागेत मजूर! दोन वर्षं मामा मला शनिवारी पाकिटात मजुरी द्यायचा, सगळ्यांसमोर, ओळीत उभं करून. राग यायचा. पणजीची बस मात्र पकडली नाही, कारण मजुरीत एंट्रीही झाली नसती.

टवाळ_कार्टं

काजू कसा दिलात यंदा? ओले मिळतील का?

तेरेखोल

मार्चात विचारा. पत्ता देऊ नका इथे, निरोप टाका.

गिरणगावकरीण

सगळ्यांचं वाचतेय. तेरेखोल, तुमच्या आवशीने केलं तेच आईने केलं होतं वेगळ्या रीतीने. संपानंतर बाबा वॉचमन लागले. आई शेठना जाऊन भेटली आणि पगार तिच्या हातात ठरवून आली. बाबांना चाळीत खाली बघावं लागलं. ते आईशी किती दिवस बोलले नाहीत ते मला माहीत नाही, पण भांडी परत आली. सगळी नाही. तांब्या आला.

रात्रपाळी, ऑनलाइन बंदीनंतर आता कसं आहे?

रात्रपाळी

ऑगस्ट 2025 चा कायदा आला तेव्हा मी आधीच मीटिंगला जात होतो. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर 'सुटलो' म्हणून लाडूचे फोटो. आठवड्याभरात एकाला परदेशी साइटची लिंक कोणीतरी टेलिग्रामवर पाठवली. तो परत मीटिंगला आला, रडला, आम्ही चहा पाजला. बंदी बरी, जाहिराती तरी गेल्या. मॅच बघताना पूर्वी दर ओव्हरला माझ्या पोटात ओढ लागायची. आता फक्त आपली बॅटिंग बघून लागते.

चहाबिस्किट

😂 ती सगळ्यांनाच.
कोणाला आत्ता, रात्री बोलायचं असेल तर टेली-मानस (मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन) 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. घरच्यांनीही फोन करता येतो, मी केला होता. पलीकडच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही जेवलात का?"

अबोली

आले एकदाची. आमच्याकडे मेंढीकोट नि झब्बू चालतो, पैसे नाहीत, हरणाऱ्याने भांडी घासायची. तीन पत्ती दिवाळीत.

एक विचारायचं होतं. नवऱ्याच्या नकळत त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढता येतो का? मैत्रिणीसाठी विचारतेय.

हिशेबवही

नाही येत, त्याच्या संमतीशिवाय नाही. मैत्रिणीला म्हणावं आधी स्वतःचा काढ. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक फुकट मिळतो.

अबोली

तिचा कशाला? तिने कधी कर्ज काढलेलंच नाही.

हिशेबवही

मीही नव्हतं काढलं. माझ्या नावावर दोन निघाली. पॅनकार्ड घरातच असतं ना, कपाटात.

अबोली

हो, कपाटातच.
कुठल्या साइटवर काढायचा ते निरोपात सांगता का, आत्ता?

हिशेबवही

टाकला निरोप. ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येतो की त्याच्या, ते आधी बघा.