शब्दचर्चा: राजवाडा म्हणावं की राजमहाल?

प्रश्न: इतिहासावरच्या लेखाचं भाषांतर करते आहे. राजाच्या निवासाला कुठे 'राजवाडा', कुठे 'राजमहाल' लिहिलं गेलंय. दोन्ही चालतील ना?

उत्तर: चालतील, पण मी 'राजवाडा'च ठेवीन. मराठीत वाडा म्हणजे सगळी वास्तू आणि महाल म्हणजे तिच्यातलं एखादं दालन किंवा एक भाग, असा वापर जुना आहे. शनिवारवाडाच बघा. आरसेमहाल, हस्तिदंती महाल, गणपती रंगमहाल ही सगळी त्या एका वाड्यातली दालनं. 1828च्या आगीत ती गेली, पण नावं टिकली. रायगडावरही राण्यांचे महाल राजवाड्याच्या आवारातच. स्वतंत्र इमारतीला महाल म्हणायचं वळण आपल्याकडे मुख्यतः हिंदीतून आलं, असं मला वाटतं.

'वाडा'च्या मुळाशी संस्कृत 'वाट' आहे, म्हणजे कुंपणातली जागा. म्हणून गुरांचाही वाडा, कोळीवाडाही आणि राजवाडाही. 'महाल' अरबीतून आला, तिथे अर्थ जागा, ठिकाण. त्यामुळेच मराठीत महाल हा मुलखाचा विभागही होता आणि त्याचा कारभार बघणारा महालकरी. जुन्या कागदात 'महाल' दिसला की आधी हा अर्थ लागतो का ते तपासा, नाहीतर महसुलाच्या वाक्यात उगाच राजवाडा उभा राहील!

आणखी एक. शनिवारवाड्याला कृपा करून राजवाडा लिहू नका. 1730मध्ये पाया घातला तो पेशव्यांनी. राजा होता साताऱ्यात. साताऱ्यात, कोल्हापुरात राजवाडा म्हणतात ते छत्रपतींची घराणी तिथे नांदली म्हणून.

प्रश्न: लेखात व्हर्सायही आहे. परदेशी वास्तूला 'वाडा' विचित्र वाटत नाही का?

उत्तर: नुसतं 'वाडा' वाटेल, 'राजवाडा' अजिबात नाही. तो शब्द आता चौकाच्या, लाकडी खांबांच्या घरापुरता राहिलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या, 28 जून 1919च्या तहावर सह्या जिथे झाल्या ते दालनही तुम्हाला मराठीत सरळ लिहिता येईल: व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल. 'राजप्रासाद' भारदस्त आहे, कवितेत शोभतो. वापरलात तर 'प्रा'चा काना तेवढा सांभाळा.