'सहा महिन्यांत माणूस रुळतो' म्हणे!

माहेरवाशीण_न्यूजर्सी: काल इथे एकाने ठोकून दिलं, 'अमेरिकेत सहा महिन्यांत माणूस रुळतो, बायकांना उगाच रडायची हौस.' वाचता वाचता तव्यावरची पोळी करपली. मी २०११ साली एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागून बायकोला मिळतो त्या व्हिसावर आले. पुण्यात नऊ वर्षं बँकेत नोकरी, इथे काम करायची परवानगीच नाही. २०१५ मध्ये नियम बदलला, तोही नवऱ्याचं ग्रीन कार्ड मार्गी लागलेल्यांपुरता. डिसेंबरात साडेचारला अंधार. आईला फोन करावा तर तिकडे पहाटेचे तीन. रुळा म्हणे!

एडिसनचे_काका: आम्ही १९८८ ला आलो. फोनची मिनिटं घड्याळ लावून मोजायचो. तुम्हाला व्हिडिओ कॉल आहे, ओक ट्री रोडवर देशी दुकानांत कढीपत्ता आहे. आम्हाला रडायला वेळच नव्हता.

रांगेतला_राजा: काका, तुम्हाला ग्रीन कार्डाची ही रांग नव्हती. आता एका देशाला सात टक्के कार्डं, त्यात आपण सगळे. लेकाला चार वर्षांचा आणला. पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण झाली की तो माझ्या अर्जातून बाहेर. तो रुळलाय हो, तेच तर दुखणं आहे.

साताऱ्याचे_आजोबा: आमचंही ऐका. सुनेच्या बाळंतपणाला सहा महिने गेलो होतो. गाडी चालवता येत नाही, चालायला फूटपाथ नाही. ही दुपटी धुवायची, मी खिडकीतून खारी मोजायचो. परतल्यावर एसटी स्टँडची गर्दी बघून जीव भांड्यात पडला.

माहेरवाशीण_न्यूजर्सी: आजोबा, वाईट वाटलं, पण विषय तो नाही.

खडूस_कोथरूड: का नाही? आईवडिलांना फुकटच्या आया म्हणून न्यायचं आणि एकटेपणावर धागे काढायचे!

माहेरवाशीण_न्यूजर्सी: तोंड सांभाळा. तिकीट, विमा सगळं आम्ही काढलं. आईने पोळ्या केल्या त्या स्वतःच्या हौसेने.

खडूस_कोथरूड: वा! म्हणजे बायकांना रडायची हौस नसते, आईला लाटायची मात्र असते.

रांगेतला_राजा: हे लागलं. माझ्या आईने सहा महिन्यांत एकदाही 'कंटाळा आला' म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. पण खडूसराव, तुम्ही कधी विमानतळाच्या पुढे गेलायत का?

खडूस_कोथरूड: पोरीला सोडायला जातो ना, दर वर्षी. तिथूनच परत.

एडिसनचे_काका: १९८९ च्या हिवाळ्यात ही आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मला वाटलं, थंडी बाधली. हा धागा वाचून आत्ता विचारलं. म्हणाली, 'आज सुचलं होय?' बाकी माझं मत तेच आहे.