उत्परिवर्तन शिकवण्यासाठी कोणती उदाहरणे घ्यावीत? सल्ला हवा आहे

धागाकर्ता:
दहावीच्या विद्यार्थ्यांसमोर दोन तासिकांत उत्परिवर्तन हा विषय मांडायचा आहे. ‘डीएनएमधील बदल म्हणजे उत्परिवर्तन’ ही व्याख्या त्यांना पाठ आहे. परंतु त्या बदलाचा सजीवावर परिणाम नेमका कसा होतो, असे विचारले की सगळे गप्प होतात. काहींना प्रत्येक उत्परिवर्तन म्हणजे विकृती वाटते, तर काहींची समजूत अशी की गरज पडली म्हणजे जनुक बदलते. हे दोन्ही गैरसमज दूर होतील अशी मोजकी, पण खोलात जाता येईल अशी उदाहरणे कृपया सुचवावीत.

प्रतिसाद १:
पहिल्या गैरसमजासाठी सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घ्यावा, कारण रेणूपासून रुग्णापर्यंतची प्रत्येक पायरी त्यात दाखवता येते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी ॲडेनिन या डीएनएच्या अक्षराऐवजी थायमिन येते आणि साखळीच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी (अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाचे घटक) व्हॅलिन बसते. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो आणि ते पाणी टाळते; त्यामुळे ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अमिनो आम्लातील हा फरक व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये दाखवला.

मात्र इथेच थांबू नये. हे जनुक आई आणि वडील दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर सहसा त्रास होत नाही, उलट गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. मग हे उत्परिवर्तन चांगले की वाईट, हे वर्गालाच ठरवू द्यावे. ती व्यक्ती राहते तिथे हिवताप आहे का, हा प्रतिप्रश्न कोणीतरी विचारेपर्यंत आपण उत्तर देऊ नये.

प्रतिसाद २:
सिकल सेलला अनुमोदन. दुसऱ्या गैरसमजासाठी लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ चा प्रयोग सांगावा, असे सुचवतो. पाठ्यपुस्तके तो एका ओळीत उरकतात, हे मला कधीच पटलेले नाही. त्यांनी थोड्याथोड्या जिवाणूंपासून अनेक नळ्यांत वेगवेगळी संवर्धने वाढवली आणि प्रत्येक नळीतले जिवाणू, त्यांना मारणाऱ्या विषाणूंसह, स्वतंत्र बशीत पसरले. विषाणूशी गाठ पडल्यामुळे प्रतिकारक्षमता निर्माण होत असती, तर सर्व बशांत तगलेल्या वसाहतींची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात कित्येक बशा रिकाम्या राहिल्या, तर एखाद्या बशीत वसाहतींची गर्दी झाली. ज्या नळीत बदल वाढीच्या सुरुवातीलाच घडला, तिथे त्या जिवाणूची प्रजा भरपूर झाली. उशिरा घडला तिथे मोजकीच. म्हणजे बदल विषाणू येण्यापूर्वीच झालेला होता. आकडे फळ्यावर मांडण्यापूर्वी दोन्ही शक्यतांत काय दिसेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावा.

प्रतिसाद ३:
दोन्ही सूचना योग्य आहेत. तथापि दोन्ही उदाहरणांत परिणाम ठळक असल्याने प्रत्येक उत्परिवर्तन काहीतरी घडवतेच, असा तिसराच समज पसरू नये. नवजात बालकात आईवडिलांत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात आणि त्यांतील बहुतेकांचा काहीच परिणाम दिसत नाही. डीएनएचा मोठा भाग प्रथिनांची माहिती वाहत नाही. शिवाय डीएनएच्या तीन अक्षरांचा गट, म्हणजे त्रिकूट, एक अमिनो आम्ल ठरवतो; ६४ त्रिकुटे आणि २० अमिनो आम्ले असल्याने त्रिकुटातील एक अक्षर बदलूनही पुष्कळदा तेच आम्ल बसते.

धागाकर्ता:
मनःपूर्वक आभार. पहिली तासिका सिकल सेलला आणि दुसरी जिवाणूंना देतो. क्ष-किरणांमुळे होणारी उत्परिवर्तनेही घ्यावीत का?

प्रतिसाद २:
ओझरता उल्लेख पुरे. हरमन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर क्ष-किरण सोडून उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते हे दाखवले, एवढे सांगावे. त्याच ओघात कायिक पेशी आणि जननपेशी यांतील भेद मात्र अवश्य स्पष्ट करावा. त्वचेच्या पेशीतील बदलामुळे त्या व्यक्तीला कर्करोग होऊ शकतो, पण तो बदल अपत्याकडे जात नाही, आणि हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच.