शब्दचर्चा : 'मेमरी ॲड्रेसिंग लिमिट' आणि 'वर्कअराउंड'

प्रश्न : ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या लेखात हे दोन शब्द सारखे येतात. 'स्मृतिमर्यादा' आणि 'पळवाट' चालतील का?

— 'स्मृतिमर्यादा' नको. त्यातून मेमरी कमी आहे असं वाटतं. इथे रॅम भरपूर असूनही तिथवर पोचायला पत्ते पुरत नाहीत. 32 बिटांत 4 जीबीपुरतेच पत्ते मांडता येतात. म्हणून 'पत्तामर्यादा' म्हणा.

— 'पत्तामर्यादा' उत्तम, पण कुणाची तेही लिहा. पेंटियम प्रो प्रोसेसरमध्ये (1995) पीएई (फिजिकल ॲड्रेस एक्स्टेन्शन) आलं, रॅमचे पत्ते 36 बिटांचे झाले आणि मर्यादा 64 जीबीवर गेली. मात्र प्रत्येक प्रोग्रामला दिसणारे पत्ते 32 बिटांचेच राहिले, म्हणजे एका प्रोग्रामला एका वेळी 4 जीबीच. पहिली 'प्रत्यक्ष पत्तामर्यादा', दुसरी 'आभासी'. ही विशेषणं गाळली की वाचक हमखास गोंधळतो.

— 'पळवाट' सरसकट वापरू नये असं माझं ठाम मत आहे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातलं ईएमएस (एक्स्पांडेड मेमरी स्पेसिफिकेशन) घ्या. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ठरवलेली ती पद्धत. प्रोग्रामांसाठीच्या 640 केबीच्या पलीकडच्या भागात 64 केबीची एक खिडकी राखून ठेवायची आणि जादा मेमरीतली 16 केबीची पानं लागतील तशी तिच्यात आणायची. पत्ता तोच, मागचं पान बदलतं. हा उघडपणे काढलेला मार्ग आहे, त्याला 'तोडगा' शोभतो.

एचएमएला (हाय मेमरी एरिया, म्हणजे 1 एमबीच्या लगेच वरचा भाग) मात्र 'पळवाट'च म्हणेन. 8086 प्रोसेसरमध्ये पत्ता सेगमेंट आणि ऑफसेट अशा दोन 16 बिटी संख्यांनी देतात; सेगमेंटला 16 ने गुणून त्यात ऑफसेट मिळवतात. दोन्ही FFFF (हेक्समध्ये 16 बिटांतली सर्वांत मोठी संख्या) ठेवले की बेरीज 10FFEF येते, म्हणजे 1 एमबीच्या पलीकडे. 8086 ला पत्त्याच्या 20च तारा, त्यामुळे वरचा बिट गळून पत्ता पुन्हा तळाशी यायचा. नंतरच्या 80286 वर A20 ही एकविसावी तार चालू केली की तो गळत नाही आणि रिअल मोडमध्येच (8086 सारखं चालण्याच्या पद्धतीत) 65,520 बाइट जास्तीचे मिळतात. हिशेबातल्या फटीतून मिळालेली जागा ती! एमएस-डॉस 5 ने स्वतःचा बराचसा भाग तिथे हलवून प्रोग्रामांसाठी खाली जागा मोकळी केली.

— पटलं. मग पीएई काय, तोडगा की पळवाट?

— दोन्ही नाही. तिथे पेज टेबलातली (आभासी पत्ता प्रत्यक्ष पत्त्याशी जोडणाऱ्या तक्त्यातली) नोंदच 32 ची 64 बिटांची केली, त्यामुळे 'पत्ताविस्तार'. 'ॲड्रेस स्पेस'ला (वापरता येणाऱ्या पत्त्यांचा सगळा पल्ला) 'पत्ता-अवकाश' वाचलंय, पण बोलताना कुणी म्हणत नाही. मी तो तसाच देवनागरीत ठेवते.