मोठेपणी भाषा शिकायची तर क्लास सोडा, माणसांत जा. पटतंय का?

रिकामटेकडा:
धागा मुद्दामच काढतोय. तिशी-चाळिशी ओलांडली की व्याकरण घोकण्यात अर्थ नाही, जिथे ती भाषा बोलतात तिथे जाऊन राहावं आणि शेजारी, दुकानदार, लिफ्टमधे भेटणारा, जो सापडेल त्याच्याशी तोडकंमोडकं का होईना बोलत सुटावं. क्लासमधे प्रश्न सरांचा आणि उत्तरही सरांना आधीच माहीत, असलं बोलणं बाहेर कोण करतं? क्रियापदं तोंडपाठ आणि कोणी पत्ता विचारला की ततपप.

काना_मात्रा:
तोडकंमोडकं बोलत सुटलं की तेच पक्कं होतं ना पण! रिचर्ड श्मिट या भाषातज्ज्ञाने १९८३ साली 'वेस' असं नाव देऊन एका जपानी माणसाचा अभ्यास छापला होता. हवाईत राहणारा, गप्पिष्ट, इंग्रजी बोलणाऱ्यांतच वावर, तरी तीन वर्षांनीही भूतकाळ आणि अनेकवचनात सर्रास चुका. समोरच्याला मुद्दा कळला की तो चूक काढत बसत नाही हो, पुढचं बोलतो.

रिकामटेकडा:
अहो म्हणजे वेसचं काम झालं की! मित्र झाले, गप्पा झाल्या. अनेकवचन काय चाटायचंय?

काना_मात्रा:
गप्पांपुरतं ठीक. नोकरीसाठी अर्ज लिहा, घराचा करारनामा वाचा, मग सांगा. तिथे हातवारे चालत नाहीत.

काठावरचा:
दोघंही एक विसरताय, कोणती भाषा ते. अमेरिकी परराष्ट्र खात्याचा अंदाज आहे की इंग्रजी भाषकाला नोकरीत वापरण्याइतकी स्पॅनिश यायला साधारण ६०० ते ७५० तास लागतात आणि जपानीला २२००, तेही शिक्षक समोर बसवून. जवळच्या भाषेत माणसांत पडलं की ओळखीचे शब्द कानाला लागतात, पण लांबच्या भाषेत सुरुवातीला नुसती गडबड ऐकू येते, शब्द कुठे संपला तेही कळत नाही. स्टीफन क्रॅशन हा भाषातज्ज्ञसुद्धा हेच म्हणतो, कानावर पडणारं समजण्याजोगं हवं. फोनवर बघा, ना चेहरा ना हातवारे, आपण हो हो म्हणत जातो आणि ठेवल्यावर कळतं की कशाला हो म्हटलं ते माहीतच नाही. (आणि अडखळलात की समोरचे चांगुलपणाने इंग्रजीत शिरतात, तो ताप वेगळाच.)

रिकामटेकडा:
इंग्रजीचं मान्य. सरळ सांगायचं, मला तुमच्याच भाषेत बोलायचंय, बहुतेकांना बरंच वाटतं. पण २२०० तास वर्गात? तोवर माणूस रिटायर होईल राव.

काना_मात्रा:
२२०० कोण म्हणतंय, सुरुवातीचे दोनतीन महिने तरी बसा. आणि ओळखीतल्या एकाला सांगून ठेवा, चुकलो की थांबव. सगळ्यांना नको, एकालाच, नाहीतर कोणी बोलायला उभं राहणार नाही.

रिकामटेकडा:
एकाला सांगेन. क्लासचं बघू.