खानापूरहून नेत्राणी बेटावर स्कूबासाठी जाऊन त्याच रात्री घरी परतता येईल का?

खानापूरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवार-रविवारला जोडून सुट्टी मिळत असल्याने मी, पत्नी, बारा वर्षांची मुलगी आणि बासष्ट वर्षांचे सासरे असे चौघे भटकळ तालुक्यातील नेत्राणी बेटावर एका दिवसाची सहल करण्याच्या विचारात आहोत. रात्री एक वाजता स्वतःच्या गाडीने खानापूरहून निघायचे, हल्याळ-यल्लापूर करीत अरबैल घाटाने अंकोल्याला उतरायचे, सकाळी मुर्डेश्वर गाठून बोट पकडायची, बेटाजवळ मुलीने आणि मी स्कूबा (पाठीवर हवेचे सिलिंडर लावून पाण्याखाली उतरणे) व पत्नीने स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पृष्ठभागावर तरंगत खालचे पाहणे) करायचे, दुपारी किनाऱ्यावर परतून देवदर्शन घ्यायचे आणि रात्री अकरा-साडेअकरापर्यंत घरी पोहोचायचे, असा बेत मनात आहे.

मी लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो आणि मुलगी बेळगावच्या तलावात दोन उन्हाळे शिकली आहे. पत्नीला मात्र पोहता येत नाही. समुद्राची सवय आमच्यापैकी कोणालाच नाही. सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. हा बेत एका दिवसात बसेल का, पोहता न येणाऱ्याने स्नॉर्केलिंग करावे का आणि एवढ्या लांब जाण्यापेक्षा मालवण बरे पडेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शहापूरचा पाणबुड्या

नमस्कार खानापूरकर. मी गेली काही वर्षे गोव्याचे ग्रँडे बेट, मालवण आणि नेत्राणी या तिन्ही ठिकाणी डाईव्ह केले आहे. त्या अनुभवावरून एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: तुमचा बाकी सगळा बेत चांगला आहे, पण स्कूबा करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका.

याचे कारण आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही, कारण किनाऱ्यावरच्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे दहा मीटर खोलीवर शरीरावर जमिनीवरच्या दुप्पट दाब असतो. त्या दाबाखाली सिलिंडरमधली हवा श्वासात घेतली की तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत नेहमीपेक्षा जास्त विरघळतो आणि वर आल्यानंतर तो काही तास हळूहळू श्वासावाटे बाहेर पडत राहतो. गोटी सोड्याची बाटली फोडली की दाब एकदम उतरून बुडबुडे कसे फसफसतात, ते आठवा. शरीरात असे बुडबुडे होऊ नयेत म्हणून डाईव्हनंतर विमानप्रवास टाळायला सांगतात. एका डाईव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाईव्ह केल्यास किमान अठरा तास थांबावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

आता लक्षात घ्या की हा नियम ज्या उंचीपासून पुढे लावला जातो ती सुमारे सहाशे मीटर आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, खानापूरही सहाशेच्या वर आहे आणि आंबोलीचा माथा सातशे मीटरच्या जवळ आहे. आपल्या शहरात हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. थोडक्यात, गाडीने घरी येणे हेच आपल्यासाठी छोटेसे विमान चढणे आहे. मुंबईच्या किंवा मंगळूरच्या माणसाला मिळालेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही तो यासाठी.

मी स्वतः ही चूक केली आहे. ग्रँडे बेटाजवळ बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांवर लागोपाठ दोन डाईव्ह करून मी त्याच संध्याकाळी चोर्ला घाटाने परतलो आणि रात्री उजवा खांदा दुखू लागून बोटांना मुंग्या आल्या. दुखणे वाढले नाही, पण ती रात्र मी जागून काढली, आणि तेव्हा ताबडतोब डॉक्टरांकडे जायला हवे होते हे मला नंतर कळले. डाईव्हनंतर सांधेदुखी, मुंग्या, अंगावर चट्टे किंवा विलक्षण थकवा आला तर 'गाडी चालवून अंग अवघडले असेल' असे समजून झोपू नये. त्यावर प्राणवायू आणि वेळेवर वैद्यकीय उपचार हाच मार्ग असतो.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक बारा मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, बहुतेकदा त्याहून कमीच, आणि तेही वीस-तीस मिनिटे. एवढ्याने धोका फार वाढतो असे मी म्हणणार नाही. रोज कितीतरी लोक तसे परततात. पण एका रात्रीच्या मुक्कामाने जी शंका संपते ती बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत शिल्लक का ठेवायची? शिवाय रात्रभर गाडी चालवून, झोप न घेता समुद्रात उतरणे हेही तितकेच चुकीचे आहे. नुसत्या स्नॉर्केलिंगला मात्र हा नियम लागत नाही, कारण त्यात आपण पृष्ठभागावर राहून बाहेरचीच हवा घेत असतो. पत्नी त्याच दिवशी घाट चढल्या तरी काही बिघडत नाही.

नेत्राणीविषयी सांगायचे तर ते किनाऱ्यापासून सुमारे एकोणीस किलोमीटर आत आहे आणि बोटीला तास-दीड तास लागतो. वरून हृदयाच्या आकाराचे दिसणारे हे खडकाळ बेट एकेकाळी नौदलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी वापरले जात असे. डाईव्हिंगच्या बोटी बेटावर उतरवत नाहीत, कड्याच्या आडोशाला नांगर टाकतात. त्यामुळे वाळूत बसून डबा खाण्याची कल्पना मनातून काढून टाका. पाणी मात्र मालवण आणि गोवा या दोन्हींपेक्षा पुष्कळ स्वच्छ असते, कारण नद्यांचा गाळ एवढ्या आत पोहोचत नाही. खडकाला लागून असलेली प्रवाळे, पोपटमासे, फुलपाखरूमासे, दगडाच्या कपारीतून डोकावणारी मोरे वाम, नशीब असेल तर एखादे कासव, आणि मान वर केली तर कड्यावर घरटी करणारे पांढऱ्या पोटाचे समुद्री गरुड. मी पहिल्यांदा तिथे पाण्यात तोंड घातले तेव्हा मासे पाहायचे सोडून कितीतरी वेळ नुसते तळाशी हलणारे उन्हाचे जाळे पाहत राहिलो होतो.

निपाणीची डॉक्टर (कान-नाक-घसा)

वरच्या उत्तरातील घाटाचा मुद्दा अगदी योग्य आहे. मी फक्त कानांविषयी लिहिते, कारण पहिल्या डाईव्हमध्ये सर्वाधिक त्रास कानांनाच होतो.

आंबोली उतरताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ते सुटतात, हे आपल्या भागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो सगळा घाट उतरताना कानाच्या पडद्यावर जितका दाब वाढतो, तितका पाण्यात पूर्ण एक मीटरही खाली जाण्याआधी वाढतो. म्हणूनच पहिले दोन-तीन मीटर सर्वात कठीण असतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर घालायची, म्हणजे घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी उघडते. हे दुखू लागल्यावर नव्हे, तर दुखण्याच्या आधीपासून, दर थोड्या अंतरावर करायचे. कान सुटत नसेल तर जोर लावायचा नाही, हाताने खूण करून थोडे वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. तरीही न सुटल्यास त्या दिवशी डाईव्ह सोडून द्यावा. पडद्याला इजा झाली तर बरे व्हायला आठवडे जातात.

सर्दी असताना डाईव्ह नको. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणेही नको, कारण पाण्याखाली औषधाचा अंमल ओसरला तर वर येताना हवा आतच कोंडते. कानाच्या पडद्याला पूर्वी छिद्र पडले असेल, कान वाहत असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी कान तपासून घेतल्याशिवाय उतरू नये. दमा, अपस्मार, हृदयविकार आणि गर्भारपण यांची माहिती डाईव्हआधी भरायच्या फॉर्मवर खरी लिहावी. 'नाही म्हटले की जाऊ देतात' अशा समजुतीने लिहिलेला फॉर्म आपल्यालाच महागात पडतो. श्वासाचा नियम मुलीकडून आधीच घोकून घ्या: पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना, कारण दाब कमी होताच फुप्फुसातली हवा फुगते. तलावात शिकलेल्या मुलांना श्वास धरून बुडी मारण्याचीच सवय असते, आणि तीच इथे मोडावी लागते.

सासऱ्यांना या वयात, गोळ्या चालू असताना, त्यांच्या डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय स्कूबा करू देऊ नये. माझ्या मते त्यांना बोटीतही नेऊ नका.

माहेर मालवण, सासर टिळकवाडी

डॉक्टरताईंच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. चालत्या बोटीपेक्षा नांगरलेली बोट जास्त मळमळवते, आणि डाईव्हरांचे होईपर्यंत ती दोन-तीन तास एकाच जागी हेलकावत असते. सासऱ्यांना मुर्डेश्वरातच राहू द्या. एकशे तेवीस फुटांची शंकराची मूर्ती, वीस मजली राजगोपुर आणि देवळाच्या तिन्ही बाजूंचा समुद्र यांत त्यांची सकाळ आनंदात जाईल. तुम्ही तिघांनी मात्र बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी, डॉक्टरांना विचारून घ्या. बोटीत बसून मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. न्याहारी हलकी करा, पण उपाशी जाऊ नका.

तारीख ठरवताना भिंतीवरची दिनदर्शिका पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी जोरात ये-जा करते आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांग असते. भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ कमी, पाणी निवळ. आमच्याकडचे जुने मच्छीमार हे तिथीवरूनच सांगतात. वेळही सकाळचीच धरा. पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो तोवर पाणी शांत राहते. दुपारी खारा वारा उठला की लाटा वाढतात, म्हणून बारा-एकपर्यंत परत फिरणारी बोट चांगली.

पोहता न येणाऱ्याने स्नॉर्केलिंग करायला हरकत नाही, मात्र अंगाला घट्ट बसलेले लाइफ जॅकेट हवे. जॅकेटचे खांदे धरून वर ओढून पाहा. ते कानापर्यंत सरकले तर पट्टे ढिले आहेत. पत्नीने पाण्यात उतरण्याआधी बोटीच्या शिडीला धरून पाच मिनिटे फक्त तोंडाने श्वास घेण्याचा सराव करावा आणि मार्गदर्शकाचा हात किंवा रिंग सोडू नये. घाबरल्यावर माणूस आधार शोधत प्रवाळावर उभा राहतो. त्यात पायही कापतो आणि कित्येक वर्षांत वाढलेले प्रवाळही मोडते. मला त्याचे फार वाईट वाटते, कारण माझ्या लहानपणी मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे दिसायचे त्यातले बरेच आता तुडवले गेले आहे.

मालवणविषयी विचारलेत म्हणून सांगते. एका दिवसातच जाऊन यायचे असेल आणि सगळे फक्त स्नॉर्केलिंगच करणार असतील, तर चंदगड-आंबोली-सावंतवाडीमार्गे मालवण सोपे आहे. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहून होतो आणि त्याच्याच आसपासच्या खडकांवर स्नॉर्केलिंगही होते. 1987 पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. पाणी नेत्राणीइतके निवळ नसते, हे माहेरचे असूनही मान्य करते. आणि बोट कुठलीही असो, माणसे मोजून बसवतात का ते पाहा. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. गर्दी दिसली किंवा जॅकेट कमी पडली, तर पैसे गेले तरी चालतील, पण उतरा.

खानापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. घाटाचा मुद्दा मला स्वप्नातही सुचला नसता. बेत बदलला आहे: शुक्रवारी दुपारी निघून रात्री मुर्डेश्वरात मुक्काम, शनिवारी सकाळी नेत्राणी, शनिवारची रात्रही तिथेच आणि रविवारी सकाळी आठनंतर परतीचा प्रवास. सासरे देवळातच थांबतील आणि हे ऐकून त्यांना हायसे वाटलेले दिसले. भांगेची तिथी पाहून एक आठवडा पुढचा शनिवारही निवडला आहे.

दोन शंका राहिल्या. मुलीला थंडीत वारंवार सर्दी होते. ऐन दिवशी नाक चोंदले तर काय करावे? आणि मला उणे चारचा चश्मा आहे, मिशीही भरघोस आहे. मास्क बसेल का?

निपाणीची डॉक्टर (कान-नाक-घसा)

नाक चोंदले असेल तर तिने त्या दिवशी आईबरोबर पृष्ठभागावर स्नॉर्केलिंग करावे, बुडी मारू नये. हे तिला आदल्या रात्री नव्हे, घरून निघतानाच सांगून ठेवा. तिथे पोहोचल्यावर मुले सर्दी लपवतात.

शहापूरचा पाणबुड्या

नोंदणी करतानाच चश्म्याचा नंबर कळवा. काही ठिकाणी नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. न मिळाल्यास मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, पण तसे प्रशिक्षकाला सांगा, कारण मास्कमधले पाणी काढताना डोळे मिटून घ्यावे लागतील. मिशीतून पाणी थोडे झिरपतेच. मास्कची कड नाकाखाली जिथे टेकते तेवढीच पट्टी कातरून घेतली तर पुरते. मी दर वेळी तसेच करतो. आणि मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकाने हलकेच श्वास ओढून पाहा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा आहे. पडला तर दुसरा मागून घ्या, बोट सुटण्याआधीच.