आर्काइव्ह म्हणजे पुराभिलेख, दफ्तर की संग्रह?

एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्थानिक इतिहास आणि ॲक्टिव्हिझम यांचे कागद ठेवलेला वेगळा विभाग आहे, त्याची मराठी माहितीपुस्तिका करायचं काम हातात आहे. आर्काइव्ह, कलेक्शन, ॲक्टिव्हिझम आणि इफेमेरा (म्हणजे तेवढ्यापुरती केलेली, एरवी टाकून दिली जाणारी पत्रकं-तिकिटं वगैरे) हे चार शब्द अडलेत. आर्काइव्हला सरकारी मराठीत पुराभिलेख आहे, हिंदीकडून आलेलं अभिलेखागार आहे, पण या विभागात जुन्या सनदा वगैरे काही नाहीत, मोर्चाची पत्रकं, भाडेकरू संघाच्या सभांची इतिवृत्तं, बिल्ले, फोटो, कॅसेट आणि अगदी मागच्या काही वर्षांतली भित्तिपत्रकं आहेत. त्याला पुराभिलेख म्हणवत नाही. काय म्हणावं?

—

पुराभिलेख नकोच. त्यातला ‘पुरा’ फार नुकसान करतो. लोकांना वाटतं आपल्याकडचे कागद अजून पुरेसे जुने झालेले नाहीत, मग संघटनेचं ऑफिस बंद झालं किंवा कार्यकर्ता वारला की घरचे सगळं रद्दीत घालतात, आणि वीस-तीस वर्षांनी कुणी अभ्यासाला आलं की सापडतं ते फक्त वर्तमानपत्रात छापून आलेलं आणि पोलिसांनी लिहून ठेवलेलं, म्हणजे चळवळीची हकिगत चळवळीबाहेरच्यांच्या तोंडून. चळवळीचे कागद ताजे असतानाच घ्यायला लागतात हो! आणि नुसतं अभिलेख म्हणाल तर इतिहासवाल्यांना शिलालेख आठवतो, बाकी सगळ्यांना भूमी अभिलेख आणि जमिनीची मोजणी.

माझं मत दफ्तर. मूळ ग्रीक दिफ्थेरा, म्हणजे कातडं, पूर्वी त्यावर लिहायचे, तिथून फारसी-अरबीतून दफ्तर आपल्याकडे आला आणि इतका मुरला की पोरांच्या पाठीवरही बसला. शिवाय पेशवे दफ्तर हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही, पुण्यात ते हजारो रुमालांत बांधलेलं आहे आणि रुमाल हा तिथे मोजायचा एककच आहे, अमुक नंबरचा रुमाल द्या म्हणतात. एवढी तयार परिभाषा घरात असताना नवी कशाला पाडायची.

—

दफ्तर गोड आहे पण त्याला सत्तेचा वास आहे ना. दफ्तरदार, दप्तरी दाखल, दप्तरदिरंगाई… ज्यांनी आयुष्यभर सरकारी दप्तराशी भांडण केलं त्यांच्या कागदांना दफ्तर म्हणायचं हे मनाला पटत नाही. सरळ संग्रह म्हणा, लोकांना कळतं.

—

वरच्या दोघांचंही बरोबर आहे, कारण दफ्तर आणि संग्रह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इंग्रजीतला कलेक्शन हा सैल शब्द दोन्ही झाकतो. मराठीत आपल्याला त्या वेगळ्या ठेवता येतात, ही संधी सोडू नका.

दफ्तर म्हणजे काम करता करता आपोआप साचलेले कागद. संघटनेनं पत्रं लिहिली, उत्तरं आली, सभा झाली, इतिवृत्त लिहिलं, वर्गणीची वही ठेवली, कुणी हे इतिहासासाठी म्हणून केलं नाही. संग्रह म्हणजे कुणीतरी निवडून, मागून, वेचून एकत्र आणलेलं. मिशिगन विद्यापीठातला लबाडी संग्रह घ्या (आडनाव आहे, जो लबाडी नावाचा डेट्रॉइटमधला छापखानेवाला आणि अराज्यवादी कार्यकर्ता), त्यानं आपल्याकडची पत्रकं, नियतकालिकं, पुस्तकं 1911 साली विद्यापीठाला दिली आणि पुढे 1924 पासून ॲग्नेस इंग्लिस या बाईंनी ती लावली आणि ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांना पत्रं लिहून आणखी कागद मागवून वाढवली. हा संग्रह. याउलट त्याच राज्यात वेन स्टेट विद्यापीठाच्या रूथर ग्रंथालयात शेतमजुरांच्या संघटनेचे, म्हणजे 1965 च्या कॅलिफोर्नियातल्या डेलानो द्राक्षसंपातून पुढे आलेल्या युनायटेड फार्म वर्कर्सचे कागद आहेत, ते संघटनेच्या स्वतःच्या कामातून तयार झालेले. ते दफ्तर.

फरक नुसता नावाचा नाही, लावण्याचा आहे. दफ्तराची मूळची रचना मोडायची नाही हा या क्षेत्रातला पायाचा नियम, 1841 मध्ये फ्रान्समध्ये सरकारी परिपत्रकानं एका संस्थेचे कागद एकत्रच ठेवा असं सांगितलं गेलं आणि 1898 मध्ये तीन डच तज्ज्ञांनी त्याची पक्की नियमावली लिहिली. कारण कुठल्या पत्राशेजारी कुठली पावती होती यातूनच काम कसं चालायचं ते कळतं, विषयवार पुस्तकांसारखं वाटून टाकलं की ते ज्ञान गेलं, परत मिळत नाही. संग्रहाची रचना मात्र संग्राहकाची असते, तिथे त्याची आवडनिवड हाच पुरावा. म्हणून पुस्तिकेत प्रत्येक नोंदीला दफ्तर की संग्रह हे लिहा, वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळेल आपण काय वाचतोय.

राहिला सत्तेच्या वासाचा मुद्दा. आर्काइव्ह तरी कुठे निर्मळ आहे, ग्रीक आर्खेइऑन म्हणजे अधिकाऱ्याचं घर! भाडेकरूंच्या संघाच्या वहीला दफ्तर म्हटलं की तिचा मान पेशव्यांच्या कागदाइतका होतो, मला तर ते फार आवडतं.

—

हे पटलं. पेशव्यांपेक्षा कमी नाहीच ती वही.

—

ॲक्टिव्हिझमला चळवळच. सक्रियतावाद कुठे वाचला की पुढे वाचवत नाही. आंदोलनही नको, आंदोलन एका मागणीपुरतं असतं, सुरू होतं, मागे घेतलं जातं. चळवळ वर्षानुवर्षं चालते आणि तिच्या मधल्या शांत काळातले कागदच जास्त मोलाचे, बैठकीला पाच जण आले, हॉलचं भाडं थकलं, असले. (संस्कृतात आंदोलन म्हणजे झोके घेणं, आणि चळवळीतही चळणं-वळणं आहे, दोन्ही शब्द हालचालीचेच.) माणसाला मात्र कार्यकर्ता म्हणा, चळवळ्या नको, त्यात हिणवणं येतं.

स्थानिक इतिहासासाठी कैफियत आठवते. ईस्ट इंडिया कंपनीचा मोजणी अधिकारी कॉलिन मॅकेन्झी यानं अठराव्या शतकाच्या शेवटापासून दक्षिणेत गावोगावच्या हकिगती लिहवून घेतल्या, त्यांना कैफियतीच म्हणतात. आज कोर्टात प्रतिवादी आपली लेखी कैफियत देतो. म्हणजे गावाची हकिगत आणि अन्यायाबद्दल मांडलेली बाजू, दोन्ही एकाच शब्दात! विभागात लोकांच्या तोंडी मुलाखती असतील तर त्यांना मौखिक इतिहास म्हणण्यापेक्षा कैफियती म्हणा.

—

तोंडी कैफियती छान. पण सगळ्याच मुलाखतींना नको, कैफियत म्हटली की बोलणारा बचाव करतोय असं वाटतं, आणि यातले बरेच लोक अभिमानानं सांगत असतात. तिथे आठवणी किंवा मुलाखत पुरे.

इफेमेराचं कुणी बोललं नाही. कोशातलं क्षणजीवी साहित्य मला अजिबात चालत नाही, फुटकळ तर त्याहून वाईट, कारण चळवळीच्या विभागात हेच मुख्य धन असतं, हँडबिल, तिकीट, बिल्ला, हातानं रंगवलेला फलक. एकच शब्द हवा हा आग्रहच सोडा आणि वस्तूंची नावं लिहा: पत्रकं, बिल्ले, फलक. वाचणाऱ्याच्या घरी त्यातलं काही पडलेलं असेल तर त्याला लगेच कळेल की हेही ग्रंथालय घेतं. क्षणजीवी साहित्य आणून द्या म्हटलं तर कोण आणून देणार?

—

सगळ्यांचे मनापासून आभार. विभागाचं नाव ‘स्थानिक इतिहास आणि चळवळींची दफ्तरं व संग्रह’ असं करतोय, जरा लांब आहे पण दोन्ही शब्द हवेतच. आत प्रत्येक नोंदीला दफ्तर की संग्रह, कागद कुणाकडून आले, किती खोकी, आणि खाली पत्रकं-बिल्ले-फलक वेगळे लिहीन. आर्काइव्हिस्टला दफ्तरदार म्हणावं असं मनात होतं पण तो जुना हुद्दा आहे, गोंधळ होईल, तिथे अभिलेखपाल ठेवतोय. आणि पहिल्या पानावर ठळक लिहितोय की कागद जुने असण्याची अट नाही, कालचं पत्रकही चालेल.

फक्त फाइंडिंग एडचं राहिलं, म्हणजे कुठल्या खोक्यात काय आहे ते सांगणारा कागद. सूची म्हटलं तर पुस्तकांच्या सूचीशी घोळ होतो.

—

दफ्तराची यादी. याद, यादी हे कागदपत्रांच्या जगातलेच शब्द आहेत, खोकं, फाइल आणि आत काय एवढं त्यात आलं की झालं.